आरसी मॉन्स्टर ट्रक : घेतला, उडवला, आता पैसे नेमके कुठे घालायचे?

खडखडाट (पुणे)

'कुठली आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घेऊ' यावर इथे पुष्कळ रवंथ झालाय, त्यामुळे ते सोडून पुढचं बोलू. गाडी घरात आलीय, मैदानावर चार उड्या मारून झाल्यात आणि रात्री दोन वाजेपर्यंत अपग्रेडचे व्हिडिओ बघणं सुरू झालंय, अशा मंडळींसाठी हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बॅशिंगच्या, म्हणजे उडवायच्या-आपटायच्या गाडीत ताकदीवर पैसे घालू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर त्याहून नको. टायर, बेअरिंग, स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि चार्जर यांवर घाला. आणि रेस खेळायची असेल तर त्यासाठी दुसरी गाडी घ्या, आहे तिलाच रेसर बनवायला जाऊ नका.

मी बोलतोय ते १:१० मापाच्या, फोर व्हील ड्राइव्ह, ३एस लायपोवर (तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालणाऱ्या ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेल्या मोटरच्या) ट्रकबद्दल. आर्मा ग्रॅनाइट, ट्रॅक्सस स्टॅम्पीड फोर-बाय-फोर या पंगतीतल्या गाड्या. १:१६ वाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. एक्स-मॅक्ससारख्या आठ किलोंच्या वरच्या धुडांचं गणित निराळं, त्यात मी पडत नाही.

आधी ताकदीचं बघू. ब्रशलेस मोटरवर केव्हीचा आकडा असतो, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३२०० केव्हीची मोटर ३एस बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, मिनिटाला साधारण ३५,५०० फेरे घेते. गाडीचा एकूण गिअर रेशो १२ धरला तर चाक फिरतं २,९६० वेळा. टायरचा व्यास १३० मिमी असेल तर परीघ ४१ सेंमीच्या आसपास. गुणाकार केला की ताशी ७२ किमी येतात. हा कागदावरचा आकडा. वारा, मातीची ओढ, जोर लावल्यावर बसणारं व्होल्टेज हे सगळं वजा होऊन मैदानात त्याहून बराच कमी वेग मिळतो, आणि तोही खडबडीत जमिनीवर पुरून उरतो.

तरी लोक काय करतात, तर १५ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चक्र) काढून १७ चं लावतात. कागदावर वेग १३ टक्क्यांनी वाढतो. मोटर मात्र उंच गवतात रेटताना लगेच तापायला लागते, कारण तेवढंच काम तिला आता उंच गिअरवर करायचं असतं. वरून मोठे टायर घातले की आणखी उंच गिअर. पाच मिनिटं चालवून मोटरच्या डब्याला हात लावून बघा. लावताच झटकन मागे घ्यावा लागला, तर पिनियन लहान करा. दहा-वीस गाड्यांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा तापमापक बंदूक घेतलेली बरी. ८० अंशांच्या पुढे मी गाडी थांबवतो. (कोविडच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक चालत नाही, ती ४२-४३ च्या पुढे नुसतं 'हाय' दाखवते.)

आता ॲल्युमिनियम. उडी चुकली, गाडी पुढच्या उजव्या चाकावर आपटली. तो धक्का कुठेतरी जिरायला हवा. नायलॉनचा सस्पेन्शन आर्म आधी वाकतो, फारच झालं तर तुटतो. आर्म बदलायला दोन पिना आणि दहा मिनिटं लागतात. तोच आर्म ॲल्युमिनियमचा असला तर तो वाकून परत येत नाही, एक तर वाकलेलाच राहतो नाहीतर धक्का जसाच्या तसा आत बल्कहेडकडे (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या सांगाड्याकडे) पाठवतो. बल्कहेड बदलायचं म्हणजे अर्धी गाडी उघडायची, डिफ (चाकांमध्ये ताकद वाटणारा गिअरचा डबा) बाहेर काढायचा, आणि तो सुटा भाग भारतात मिळाला तर मिळाला. स्वस्त आणि बाहेरचं आधी मोडू दे, महाग आणि आतलं वाचू दे. आपण 'भक्कम' करायला जातो आणि मोडण्याची जागा आत सरकवतो.

बाकी प्रतिसादांत येईलच.

---

गिअरबॉक्स (कोल्हापूर)

भावा, धागा एक नंबर. पण ॲल्युमिनियमला सरसकट शिव्या घालू नकोस, आमच्या पोटावर पाय येतोय :) शिरोलीला आपलं छोटं वर्कशॉप हाय, लेथ आणि मिलिंग. गाडीचे निम्मे पार्ट मीच काढतो.

आर्मबद्दल शंभर टक्के बरोबर. पण जिथं वाकणं नकोच हाय तिथं धातूच पायजे. मोटर माउंट बघ. प्लॅस्टिकचा तापला की दोन-तीन दशांश मिलिमीटर हलतो आणि तेवढ्यात स्पर गिअरचे (पिनियनला लागून फिरणाऱ्या मोठ्या चक्राचे) दात खलास. ॲल्युमिनियमचा माउंट हलत बी नाही आणि मोटरची उष्णता चासीत नेऊन सोडतो. तसंच चाकाचे हेक्स, म्हंजे चाक ज्यावर बसतं ते षटकोनी तुकडे. प्लॅस्टिकचा हेक्स आतून गोल झाला की नट कितीबी आवळ, चाक डुगडुगणारच. आणि स्टिअरिंगचा बेलक्रँक, सर्व्होचा जोर चाकांकडे नेणारा. तिथं प्लॅस्टिकला खेळ आला की गाडी सरळ म्हणून जात नाही.

आणि ॲल्युमिनियम ॲल्युमिनियममध्ये फरक असतोय. ऑनलाइन निळे-लाल रंगवलेले सेट येतात, त्यातले किती तर ओतीव असतात. पडले की बिस्किटासारखा तुकडा. ६०६१ घे, जमलं तर ७०७५ घे, ७०७५ जवळजवळ दुप्पट ताकदीचं हाय. विकणारा ग्रेड सांगत नसेल तर समजून जा.

---

खडखडाट

माउंट आणि हेक्स मान्य. माझ्या वाक्याला तेवढी कात्री लावा: 'आपटणाऱ्या भागात ॲल्युमिनियम नको'.

गिअर मेशचं (दोन चक्रांचे दात एकमेकांत किती घट्ट बसवायचे याचं) कुणी विचारण्याआधीच लिहितो. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घडी पडायला हवी, कागद फाटता कामा नये. मग स्पर एक पूर्ण फेरा हाताने फिरवून बघा, कारण तो कुठेतरी किंचित वेडावाकडा असतोच. सगळ्यात घट्ट लागेल त्या जागी अगदी किंचित हालचाल उरली पाहिजे. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), आणि तो स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावू नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

---

चौकसबुद्धी (डोंबिवली)

एवढ्या पैशात सेकंडहँड स्कूटर येते हो. ती चालवून ऑफिसला तरी जाता येतं.

---

गिअरबॉक्स

स्कूटर तीन मीटर उडवून दाखव, मग बोलू.

---

खडखडाट

चौकसबुद्धी, किमतीचं दुखणं खरंच आहे. २०२० साली खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ साली ७० झालं. देशी खेळण्यांसाठी ते बरं असेल, पण आपल्या मापाच्या गाड्या इथे कुणी बनवत नाही. म्हणूनच मी विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारतो: या मॉडेलचे आर्म, ड्राइव्हशाफ्ट आणि स्पर गिअर आज, आत्ता, भारतात कुणाच्या कपाटात आहेत का? नसतील तर गाडी कितीही देखणी असो, पहिल्या मोठ्या आपटीनंतर ती शोकेसमध्ये जाते.

बेअरिंगसाठी मात्र कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. त्यांची मापं जगभर ठरलेली असतात. गाडीच्या पुस्तिकेत मापं दिलेली असतात: ५×११×४ मिमी म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एमआर ११५, १०×१५×४ म्हणजे ६७००, १२×१८×४ म्हणजे ६७०१. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, बाकीच्यांनी आपापल्या गावातलं बेअरिंगचं दुकान गाठा. शेवटी '२आरएस' म्हणायला विसरू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मिळतं. पत्र्याच्या सीलमधून आपली धूळ आरामात आत शिरते. बोटात धरून फिरवल्यावर बेअरिंग किरकिरलं की बदला. वाट बघितलीत तर ते जाम होऊन एखाद दिवशी ज्या नकलमध्ये (चाकामागच्या प्लॅस्टिकच्या भागात) बसलंय ती वितळवेल.

---

मुक्ता_न (नाशिक)

मी यातली अजिबात जाणकार नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. मुलगा बारा वर्षांचा आहे. मामाने अमेरिकेहून असाच ट्रक आणायचं कबूल केलंय. मला गाडीची नाही, बॅटरीची भीती वाटते. लायपोला आग लागल्याचे व्हिडिओ बघितलेत. घरात ठेवावी का? आणि मामाला विमानात ती आणता येईल का?

---

खडखडाट

मुक्ताताई, भीती योग्य जागी आहे. गाडीपेक्षा बॅटरीचे नियम जास्त कडक पाळायचे असतात. सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोगी पडेल.

३एस म्हणजे एकापुढे एक तीन सेल. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीच नाही. चालवताना ३.२-३.३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. गाडीच्या ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) यासाठी कट-ऑफ असतो, तो 'लायपो'वर लावलाय ना हे पहिल्याच दिवशी तपासा. काही ईएससी निकेल बॅटरीच्या सेटिंगवर येतात आणि मग कट-ऑफच होत नाही. चार-पाच दिवस गाडी चालवायची नसेल तर बॅटरी भरून ठेवू नका, रिकामीही नको. ३.८ व्होल्ट प्रति सेल, म्हणजे तीन सेलची ११.४ वर. चांगल्या चार्जरवर 'स्टोरेज' म्हणून पर्याय असतो, एक कळ दाबायची.

चार्जर बॅलन्स करणारा हवा, म्हणजे तिन्ही सेल वेगवेगळे मोजून सारखे भरणारा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरवर भरायची. आता ३एसला ५ अँपिअर म्हणजे भरत येताना ६३ वॅट लागतात. बॉक्सवर ५० वॅट लिहिलेला चार्जर ४ च्या आसपासच थांबतो. त्याने बिघडत काही नाही, वेळ जास्त जातो, पण विकणाऱ्याने 'फास्ट' म्हणून गळ्यात मारलेला असतो.

चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. फरशीवर किंवा गॅलरीत, गादीवर नाही, सोफ्यावर नाही, रात्री लावून झोपायचं तर मुळीच नाही. गाडी चालवून आल्यावर बॅटरी कोमट असेल तर आधी थंड होऊ द्या. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, 'थोडीशीच फुगलीय' हा प्रकार नसतो. आणि मे महिन्यात बंद कारच्या डिकीत ठेवू नका.

फुगलेलीचं काय करायचं? मी स्कूटरच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा १२ व्होल्टवाला बल्ब वायर जोडून ठेवलाय. उघड्यावर, विटेवर बॅटरी ठेवून बल्ब लावून द्यायचा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, भरलेली ५००० ची बॅटरी तीनेक तासांत मरते. मग टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात. घंटागाडीत टाकू नका, दाबयंत्रात ती पेटू शकते.

विमानाचं: ११.१ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ५५.५ वॅट-तास. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये आणता येते, चेक-इनच्या बॅगेत सुटी बॅटरी चालत नाही. टोकं झाकलेली असावीत आणि बॅटरीवरचा वॅट-तासांचा आकडा वाचता यायला हवा. एअरलाइनचे नियम मामांनी एकदा बघून घ्यावेत.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

खडखडाट यांच्या 'रेससाठी दुसरी गाडी' या मुद्द्यावर थोडं लिहितो. इथे हिवाळ्यात इनडोअर ट्रॅकवर अधूनमधून जातो.

मॉन्स्टर ट्रक हा प्रकार मुळात इथला. सेंट लुईस भागातल्या बॉब चँडलर यांच्या 'बिगफूट'ने १९८१ साली भंगारातल्या मोटारींवरून चालून दाखवलं आणि वेड पसरलं. खेळण्यांच्या मापात तमियाने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर आणला. दोन मोटरी, एक पुढच्या ॲक्सलवर, एक मागच्या, आणि चारही चाकं वळणारी. पुढे १९९९ मध्ये ट्रॅक्ससचा टी-मॅक्स आला, नायट्रो इंधनावरचा, आणि लोक ट्रॅक सोडून खाणीत-खड्ड्यात गाड्या उडवायला लागले. बॅशिंग म्हणतो ते असं फोफावलं.

म्हणजे आज 'मॉन्स्टर ट्रक रेस' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक जुन्या धाटणीची: सॉलिड ॲक्सलचे ट्रक, खऱ्या ट्रकसारखी रंगवलेली बॉडी, दोन लेन, दोन गाड्या, समोर छोट्या मोटारींची रांग, हरणारा घरी. तिथे वेगापेक्षा उडीनंतर गाडी सरळ राहणं महत्त्वाचं. त्या मंडळींचे क्लॉड बस्टर बघा, मूळ गाडीचा ॲक्सलचा डबा सोडला तर क्वचितच काही उरलेलं असतं.

दुसरी म्हणजे नेहमीची क्लब रेस. पाच-पाच मिनिटांच्या हीट (प्राथमिक फेऱ्या), गाडीत वेळ-फेऱ्या मोजणारा ट्रान्सपाँडर, शेवटी मेन (अंतिम शर्यत). आपली हीट संपली की पळत जाऊन ट्रॅकवर मार्शल म्हणून उभं राहायचं, पुढच्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला. हे चुकवलं तर लोक बोलून दाखवतात. या रेसला बॅशर घेऊन गेलात तर पहिल्या वळणावर तो लोळतो. उंच बसलेली गाडी, फुगणारे टायर, मऊ स्प्रिंगा. सपाट केला, टायर लहान केले, स्प्रिंगा कडक केल्या तर वळतो खरा, पण तोवर तो मॉन्स्टर ट्रक उरलेला नसतो आणि खर्च ट्रगीएवढा (बग्गीच्या धाटणीच्या रेसच्या ट्रकएवढा) झालेला असतो.

शॉकच्या तेलाचं एक उदाहरण देतो. ट्रॅकवर ३०-३५ वेट, म्हणजे घट्टपणाच्या मापात सुमारे ३५०-४२५ सीएसटी, चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून. बॅशिंगला दीड-दोन मीटरवरून पडणार असाल तर ५०-६० वेट लागतं, नाहीतर चासी जमिनीवर खण्णकन आपटते. एकाच गाडीत दोन्ही होत नाही. प्रत्येक वेळी चार शॉक उघडून तेल बदलायची हौस असेल तर गोष्ट निराळी.

---

गिअरबॉक्स

सेंटर डिफमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या) कुठलं तेल घालता एडिसनकर साहेब? माझी गाडी थ्रॉटल दिला की पुढची चाकं हवेतच फिरवत बसते.

---

एडिसनकर

पुढची चाकं हवेत मोकळी फिरतात म्हणजे सेंटरचं तेल पातळ आहे, सगळी ताकद सोप्या वाटेने पुढे पळते. बॅशिंगला सेंटरमध्ये १ लाख सीएसटी घालून बघा, मधापेक्षाही कितीतरी घट्ट असतं. पुढे ३० हजार, मागे १० हजार. मग व्हीली जास्त मारेल (पुढची चाकं उचलेल), ती हवी असेल तर उत्तम. सेंटर डिफ नसून स्लिपर (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असेल तर तेलाचा प्रश्नच नाही, स्लिपरचा नट थोडा आवळून बघा. पूर्ण आवळला तर मात्र येणारा धक्का थेट दातांवर जातो.

---

कोकणी_बाणा (रत्नागिरी)

इकडे मैदानं नाहीत, पण किनारे आहेत आणि सडे आहेत, त्यामुळे माझे चार शब्द.

समुद्रकिनारी ओल्या वाळूवर गाडी पळवायची मजा काही औरच. भरतीच्या रेषेजवळची घट्ट वाळू म्हणजे रस्ताच. पण 'वॉटरप्रूफ' हा शब्द ईएससी आणि रिसिव्हरपुरता असतो. बेअरिंग, स्क्रू, मोटरचे शाफ्ट, ड्राइव्हशाफ्टचे सांधे यांना खाऱ्या पाण्याशी काही देणंघेणं नाही असं समजू नका. घरी आल्यावर बॅटरी काढून गोड्या पाण्याने धुवायची, पंख्याखाली वाळवायची आणि प्रत्येक बेअरिंगला तेलाचा थेंब. दुसऱ्या दिवशी करू म्हटलंत तर हेक्सच्या पिना गंजून अशा बसतात की ठोकून काढाव्या लागतात. पाणी टायरमध्येही शिरतं. आतला फोम पाणी पितो, चाकं जड होतात आणि वेगात गाडी थरथरायला लागते. टायरच्या मधोमध तापवलेल्या सुईने दोन बारीक भोकं पाडा, चाक फिरलं की पाणी आपसूक बाहेर फेकलं जातं. रिमला आधीपासून भोकं असतील तर ती टेपने बुजवा, आत येणारी वाट तीच असते.

दुसरं सड्याबद्दल. जांभा दगड टायर खवणीसारखा सोलतो, त्याचं दुःख नाही. पण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटव्या तिथे उघड्यावर अंडी घालतात. मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके, खड्यांच्या मध्ये ठेवलेली, दोन हातांवरून दिसत नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली की गाडी उचला आणि दुसरीकडे चला. आणि पावसाळ्यात सड्यावर फुलं असतात तेव्हा तिथे चाकच नको. उडवायला बाकी जागा पुष्कळ आहे.

---

खडखडाट

+१००. आमच्याकडे टेकडीवरही हाच प्रश्न, फक्त टिटवीच्या जागी सकाळी फिरायला येणारे काका. एकदा हिशेब करून बघितला होता. चार किलोची गाडी ताशी ६० किमीने जात असेल तर तिच्यात ५५५ ज्यूल ऊर्जा असते. १४० किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १२० च्या आसपास. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या साडेचार पट, आणि ती घोट्याच्या उंचीवरून येते. माणसं, कुत्री, पोरं असतील तिथे ही गाडी काढायचीच नाही. रिसिव्हरचा फेलसेफही (रिमोटचा संपर्क तुटला की गाडी थांबवणारी सोय) लावून ठेवा. गाडी चाकं वर करून ठेवा, किंचित थ्रॉटल देऊन रिमोट बंद करा, चाकं थांबली पाहिजेत. फिरतच राहिली तर ती गाडी मैदानात न्यायच्या लायकीची नाही.

---

रसायनवाला (ठाणे)

ॲल्युमिनियम विरुद्ध नायलॉन वाचून राहवलं नाही. पॉलिमरमध्ये काम करतो.

नायलॉनचे आर्म पाण्यात उकळायचे, हे आरसीवाले एकमेकांना सांगत असतात आणि बरेच जण हसतात. हसू नका. नायलॉन पाणी शोषतं, आणि ते पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकायला जागा करून देतं. कोरडा ठणठणीत नायलॉन कडक पण ठिसूळ असतो, ओलावा शोषलेला थोडा मऊ पण कितीतरी चिवट. साच्यातून निघून सीलबंद पिशवीत पडून राहिलेला भाग कोरडाच असतो. तासभर मंद उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. पांढरे भाग असतील तर त्याच पाण्यात कपड्यांचा रंग टाका, नायलॉन रंग झकास धरतो. माझ्या गाडीचे आर्म मोरपंखी आहेत.

दोन सावधगिरी. काचतंतू घातलेल्या नायलॉनला याचा फायदा कमी. आणि हे फक्त नायलॉनला. बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, ती उकळत्या पाण्यात घालायचा विचारही नको.

---

गिअरबॉक्स

म्हंजे आमच्या घरात आता पातेलं वेगळं काढावं लागणार. आई हाणणार.

---

चौकसबुद्धी

कबूल, वाचून मजा येतेय. बरं, तुम्ही लोक उडी मारता तेव्हा गाडी हवेत नाक खाली करून पडते की पाठीवर, हे ठरवतं कोण? नशीब?

---

खडखडाट

बोट ठरवतं :) हवेत थ्रॉटल दिला की चाकं जोरात पुढे फिरतात आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून गाडीचं नाक वर येतं. ब्रेक मारला की चाकं थांबतात, नाक खाली जातं. टायर जड असल्यामुळे मॉन्स्टर ट्रकमध्ये हे फार ठळक जाणवतं. नाक खाली चाललंय असं दिसलं की किंचित थ्रॉटल, मागे कलंडतेय वाटलं की टिचकीभर ब्रेक. आणि चाकं जमिनीला टेकायच्या क्षणी बोट मोकळं ठेवायचं. हवेत भन्नाट फिरणारी चाकं जमिनीला लागली की एकदम अडतात आणि तो सगळा झटका ड्राइव्हशाफ्ट, डिफ आणि स्परवर जातो. 'गाडी कमकुवत आहे' म्हणून ओरडणाऱ्यांपैकी बरेच जण बोट न सोडता उतरत असतात.

जमिनीचंही बघा. पेरणीआधीचं नांगरलेलं रान सगळ्यात दयाळू, ढेकळं फुटतात, गाडी वाचते. मुरूम ठीक. काँक्रीटच्या स्केटपार्कवर व्हिडिओ छान निघतात आणि पाकीट रिकामं होतं. पावसानंतरच्या काळ्या मातीत मी गाडी काढत नाही. चाकाला चिकटून चिकटून अर्धा-पाऊण किलोचा गोळा होतो आणि मोटर पाच मिनिटांत भाजून निघते.

सर्व्होचं राहिलं. मूळ सर्व्हो बहुतेक गाड्यांत बेताचाच असतो. मोठं चाक खड्ड्यात अडकलं की वळवायला ताकद नसते आणि आतले प्लॅस्टिकचे दात जातात. धातूच्या गिअरचा, १५ ते २५ किलो-सेंमीचा, २५ दातांच्या स्प्लाइनचा घ्या. पण आधी ईएससीचा बीईसी (सर्व्होला आणि रिसिव्हरला वीज देणारा भाग) किती अँपिअर देतो ते बघा. जोरकस सर्व्हो एकदम करंट ओढतो, रिसिव्हरचं व्होल्टेज बसतं आणि गाडी क्षणभर कुणाचंच ऐकत नाही. सर्व्हो सेव्हरची (सर्व्होला बसणारे धक्के झेलणाऱ्या भागाची) स्प्रिंगही बघा. ती जाम झालेली असेल तर दगडाचा प्रत्येक ठोका नव्या सर्व्होवरच.

---

मुक्ता_न

खूप आभार. चार्जर वेगळा मागवलाय, बॅलन्सवाला, ८० वॅटचा. बॅटरी ठेवायला जुना लोखंडी टूलबॉक्स सापडलाय. झाकण घट्ट बसतं, तो चालेल ना? आणि गाडी आल्यावर पहिल्या दिवशी त्याला काय करू द्यायचं?

---

खडखडाट

टूलबॉक्स उत्तम, फक्त झाकण हवाबंद नको. आग लागलीच तर आत वायू साठून डबाच फुटतो. झाकणाची रबरी पट्टी असेल तर काढून टाका किंवा वर एक-दोन भोकं पाडा. आतून सिमेंट शीटचा किंवा फरशीचा तुकडा घाला, बॅटरी थेट पत्र्याला टेकू देऊ नका.

पहिल्या दिवशी सगळे स्क्रू तपासायला लावा, चाकांचे नटसुद्धा. कारखान्यातून सैल आलेले एक-दोन सापडतातच, आणि त्या निमित्ताने त्याला गाडीची ओळख होईल. मग मोकळ्या मैदानावर गाडी स्वतःकडे येत असताना वळवायची सवय करू दे, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि सगळे तिथेच भिंतीवर जातात. रिमोटवर थ्रॉटल ५० टक्क्यांवर बांधायची कळ असते, ती पहिला आठवडा तशीच ठेवा. तो कुरकुर करेल. करू दे.